जंताची गोळी देऊनही कुत्रं बूड घासतंय? कारण असं शोधा

"डॉक्टरसाहेब, जंतनी गोयी दिधी, तरी बी बूड घासस." जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पाळीव जनावरांवर उपचार करताना ही तक्रार बाराही महिने कानावर येते. गोळी दिल्यावर काही दिवस बरे जातात. मग एके सकाळी कुत्रं पुन्हा ओट्यावर बसतं, मागचे पाय वर उचलतं आणि पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत नेतं. घरचे म्हणतात, जंत मेलेच नाहीत. मेडिकलमधून आणखी एक गोळी येते.

कुत्रं बूड घासतं तेव्हा त्या जागी खाज सुटलेली असते, ठणकत असतं किंवा काहीतरी तुंबलेलं असतं. यामागे जंत असू शकतात. पण अ‍ॅनल ग्लँड (गुदद्वाराजवळच्या स्रावाच्या दोन लहान पिशव्या) तुंबणं आणि अ‍ॅलर्जी ही दोन कारणं मला त्याहून जास्त दिसतात. शिवाय जंत असले, तरी बरेचदा ते अशा जातीचे निघतात की घरात आणलेली गोळी त्यांच्यावर चालतच नाही. त्रास महिन्या-महिन्याने परत येतो तो यामुळे.

शी करून आल्यावर एकदा घासलं आणि विसरून गेलं, तर काळजी नको. दोन-तीन दिवस रोज घासत असेल, किंवा मागे वळून सारखं चाटत असेल, तर पुढे वाचा.

आधी शेपूट उचलून बघा

गोळीचा विचार करण्याआधी दिवसाच्या उजेडात पाच मिनिटं काढा. एकाने कुत्र्याचं डोकं काखेत धरावं, दुसऱ्याने शेपूट सावकाश वर करावी. कुत्रं दुखण्याने चावतं, ते घरचं असलं तरी चावतं, म्हणून आधी तोंडाला मऊ पट्टी बांधा.

केसांत वाळलेली शी चिकटलीय का? पॉमेरेनियन, शित्झू, पर्शियन मांजर अशा लांब केसांच्या जनावरांत कधीकधी एवढंच कारण निघतं. कोमट पाण्याने भिजवून, केस कापून काढले की काम झालं. कापताना कात्रीचं टोक कातडीकडे नको, कारण तिथली कातडी फार पातळ असते. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला गोचीड आहे का तेही बोटाने चाचपा. गोचीड ओढून तोडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर खेचा.

मग गुदद्वाराच्या भोवती बघा. त्याला घड्याळाची तबकडी समजलं, तर चारच्या आणि आठच्या जागी आत एकेक लहान पिशवी असते. याच अ‍ॅनल ग्लँड. निरोगी कुत्र्यात त्या बाहेरून दिसत नाहीत. एका बाजूला फुगवटा, लाली किंवा टणक गाठ दिसली तर हात लावू नका, दाबू नका, थेट दवाखान्यात आणा.

शेवटी केसांवर आणि कुत्र्याच्या अंथरुणावर बघा. तांदळाच्या तुकड्यासारखे पांढरट चपटे दाणे दिसतात का? ताजे असले तर ते हळूच आखडतात, लांब होतात. वाळले की पिवळट होऊन तिळासारखे दिसतात.

आणि वास घ्या. हे सांगितलं की लोक तोंड फिरवतात, पण अर्धं निदान इथेच होतं.

सुकटासारखा वास येत असेल तर

भाजलेल्या सुकटासारखा, नाकात बसणारा वास म्हणजे अ‍ॅनल ग्लँडचा स्राव. प्रत्येक कुत्र्याच्या शीला स्वतःची ओळख असते ती या स्रावामुळे, म्हणून तर कुत्री भेटली की एकमेकांचं बूड हुंगतात. दिवाळीत फटाका वाजल्यावर कुत्रं दचकतं आणि खोलीत एकदम घाण वास सुटतो, तोही हाच. तसं एखाद्या वेळी झालं तर तो आजार नव्हे.

या पिशव्या रोज आपोआप रिकाम्या होतात. घट्ट शी बाहेर पडताना दोन्ही बाजूंना दाब देते आणि थेंबभर स्राव निघून जातो. शी सतत मऊ किंवा पातळ असेल तर हा दाब मिळत नाही. स्राव आत साचतो, घट्ट होतो, आधी चिकासारखा आणि पुढे टूथपेस्टसारखा. कुत्र्याला तिथे भरल्यासारखं वाटतं आणि ते घासायला लागतं. तेवढ्यावर लक्ष दिलं नाही तर जंतू वाढतात, पू होतो.

आता आपल्याकडची शी मऊ का असते ते बघा. खान्देशात घरातल्या कुत्र्याचं नेहमीचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी किंवा पोळी. पिल्लू असताना ते पचतं. मोठं झाल्यावर बहुतेक कुत्र्यांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होतं आणि शी कायमची सैल राहते, हगवण नाही पण घट्टही नाही. घरच्यांना ते नेहमीचंच वाटतं, म्हणून कुणी सांगत नाही. वर शेवभाजीचा उरलेला रस्सा, शेव, फरसाण. काळ्या मसाल्याचा तेलकट रस्सा माणसाला झोंबतो, तर कुत्र्याच्या आतड्याला काय होत असेल. त्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि मांजराच्या त्याहून जास्त.

धुळ्यात देवपूरकडच्या एका घरातलं स्पिट्झ मला आठवतं. दर महिन्याला ग्रूमिंगवाल्याकडे नेऊन त्याच्या ग्लँड पिळून घेत, आणि दर महिन्याला ते पुन्हा घासायचं. जेवण विचारलं तर सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी, दुपारी शेव. बरगड्या हाताला लागत नव्हत्या इतकं अंग भरलेलं. दूध आणि शेव बंद केली, जेवणात उकडलेलं गंगाफळ (लाल भोपळा) आणि अंडं आणलं, वजन हळूहळू उतरवलं. पिळण्यातलं अंतर वाढत गेलं आणि पुढे गरजच राहिली नाही. औषध जवळपास काही दिलं नव्हतं.

वजनाचा मुद्दा लोकांना पटत नाही, पण जाड कुत्र्यात त्या भागात चरबी साठते आणि ग्लँडवर नीट दाब बसत नाही. लहान जातीच्या, लाडाने भरवलेल्या, गच्चीपलीकडे न फिरणाऱ्या कुत्र्यांत हा त्रास सगळ्यांत जास्त. शेतावर राखणीला असलेल्या गावठी कुत्र्यात मला तो क्वचित दिसतो.

म्हणून वास ग्लँडचा असेल तर पहिलं काम दूध पूर्ण बंद. पंधरा दिवस तरी थेंबभरही नको, "चहातलं उरलेलं" सुद्धा नको. दुसरं, जेवणात चोथा वाढवा. बिनमिठाचं उकडलेलं गंगाफळ त्यासाठी उत्तम, लहान कुत्र्याला चमचा-दोन चमचे, लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे. गंगाफळ नसेल तेव्हा इसबगोल चालतं, लहान कुत्र्याला अर्धा चमचा, पण भरपूर पाण्यात भिजवून. कोरडं इसबगोल दिलं आणि कुत्रं पाणी कमी प्यालं, तर उलट शी अडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा हे विशेष सांभाळा. भाकरी बंद करायची गरज नाही, पण नुसत्या भाकरीवर कुत्रं नीट जगत नाही, सोबत अंडं, मांस किंवा चांगलं तयार खाद्य हवं.

आणि पिळण्याबद्दल स्पष्ट सांगतो. ज्याला त्रास नाही अशा कुत्र्याच्या ग्लँड केस कापताना "जाता जाता" पिळू नयेत. विनाकारण दाब दिल्याने आतलं अस्तर सुजतं, सुजेने तोंड बंद होतं, आणि जो त्रास नव्हता तो सुरू होतो. केस कापायला नेलंत तर तोंडावर सांगा की ग्लँडला हात लावू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी पिळू नका. भरलेली ग्लँड कशी लागते आणि पू झालेली कशी लागते, हा फरक बोटाला शिकवावा लागतो. पू असताना जोरात दाबली तर पिशवी आतल्या आत फुटते. दवाखान्यात आम्ही हातमोजा घालून, एक बोट आत घेऊन सावकाश रिकामी करतो आणि काय निघालं ते बघतो. पातळ, पिवळट-तपकिरी असेल तर ठीक. पिठूळ, राखाडी, पूमिश्रित किंवा रक्ताळलेलं असेल तर पिशवी धुऊन आत औषध भरावं लागतं, कधी त्यासाठी गुंगी द्यावी लागते.

तांदळासारखे दाणे दिसले तर

हा पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला लांब चपटा जंत, आणि दाणे हे त्याच्या अंगाचे तुटलेले तुकडे. आपल्याकडच्या कुत्र्या-मांजरांत सर्वांत जास्त दिसणारा पट्टकृमी पिसवांतून येतो. त्याचं शास्त्रीय नाव डिपायलिडियम. जमिनीवर पडलेल्या दाण्यांत कृमीची अंडी असतात, ती पिसवेची अळी खाते. अळीची पिसू होते. कुत्रं अंग चावताना ती पिसू गिळतं आणि दोन-तीन आठवड्यांत नवा कृमी तयार होऊन दाणे सोडू लागतो. दाणे बाहेर सरकताना गुदद्वाराला हुळहुळतं, म्हणून घासणं.

आता गोळी का चालत नाही ते. शाळेत मुलांना जंतनाशक दिनाला वाटतात ती ४०० मिलिग्रॅमची अल्बेन्डाझोलची गोळी बरेच जण कुत्र्याला देतात. ती या कृमीवर भरवशाची नाही, आणि जास्त झाली तर कुत्र्या-मांजरांच्या अस्थिमज्जेवर घाला घालते, रक्तपेशी बनणं थांबतं. गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन टोचतात, ते तर पट्टकृमीवर अजिबात काम करत नाही. कोली जातीच्या कुत्र्यांत ते जिवावर बेततं. नुसत्या पायरँटेलच्या गोळीने गोल जंत जातात, हा जात नाही. यावर चालतं ते प्राझिक्वॉन्टेल. कुत्र्यांच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत दर १० किलो वजनाला ५० मिलिग्रॅम इतकं ते असतं. गोळीच्या पाकिटावर हे नाव वाचा, कुत्रं काट्यावर तोला, अंदाजाने अर्धी-पाव गोळी मोडू नका. मांजराला मांजरासाठीचीच गोळी.

पण प्राझिक्वॉन्टेल आजचा कृमी मारतं, उद्याचा अडवत नाही. घरात पिसवा राहिल्या तर तीन आठवड्यांनी दाणे परत दिसणार, आणि लोक म्हणणार की हीही गोळी वाया गेली.

यावलकडच्या एका केळीच्या मळ्यातलं कुत्रं असंच वारंवार येई. अंगावर पिसवा नाहीत, असं मालक छातीठोकपणे सांगत. बारीक दातांच्या फणीने कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी विंचरलं आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली. मिनिटाभरात पुडीभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला. ती माती नव्हती, पिसवांची विष्ठा होती, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. खाटेखाली कुत्र्याचं गोणपाट होतं, ते कुणी झटकलंही नव्हतं. ही कापसाची परीक्षा कुणीही घरी करू शकतं, आणि पिसू दिसत नाही म्हणून पिसू नाही, हा गैरसमज तिने जातो.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूणातल्या साधारण ५ टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपात अंथरुणात, फरशीच्या फटीत, शेणाने सारवलेल्या जमिनीच्या कडेला असतात. कडक उन्हात आणि कोरड्या हवेत अळ्या मरतात, म्हणून उन्हाळ्यात पिसवा जातील असं वाटतं. पण आपला उन्हाळा कुत्रं कुठे काढतं? कूलरसमोर, माठाखाली, गोठ्यातल्या ओल्या सावलीत. तिथे ओल असते, गारवा असतो आणि कुत्रंही असतं, पिसवेला दुसरं काय हवं. पहिला पाऊस पडला की त्यांचा सुकाळ.

म्हणून उपचार दोन्हीकडे एकदम. कुत्र्याचं गोणपाट, गादी, चादर उकळत्या पाण्यात धुवा आणि दिवसभर कडक उन्हात टाका, दर आठवड्याला. फटी झाडून कचरा घराबाहेर फेका. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना पिसवांचं औषध एकाच दिवशी द्या, मानेवर सोडायचं किंवा पोटात द्यायचं, डॉक्टर सांगतील ते, आणि सलग तीन महिने चुकवू नका. कोशात दडलेल्या पिसवा उशिरा बाहेर येतात, त्या संपेपर्यंत थांबायचं नाही.

इथे एक कळकळीची विनंती. गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध कुत्र्या-मांजरावर ओतू नका. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं मांजराचं शरीर मोडू शकत नाही. फेस, थरथर, झटके आणि मरण, असं मी पाहिलं आहे. कुत्र्यासाठीच्या पर्मेथ्रिनच्या थेंबांनीही मांजर मरतं.

मेंढपाळांच्या वाड्यासोबत फिरणाऱ्या किंवा खाटकाच्या दुकानामागे राहणाऱ्या कुत्र्यांत कच्च्या कोथळ्यातून येणारे दुसरे पट्टकृमी सापडतात. त्यातला इकायनोकॉकस इतका बारीक असतो की त्याचे दाणे डोळ्याला दिसत नाहीत, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. बोकड-मेंढीचं काळीज, फुप्फुस कुत्र्याला कच्चं टाकू नका, नीट शिजवा.

वास नाही, दाणे नाहीत, तरी घासतं

मग पाय बघा आणि कान बघा. पंजे चाटून केस तांबूस झालेत का, कानाला वास येतो का, काखेत-जांघेत लाली आहे का. बूड आणि कान एकाच वेळी खाजत असतील तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यायचा. ती पिसवेच्या लाळेची असते, परागकणांची असते किंवा खाण्यातल्या प्रथिनाची असते. पिसवेच्या अ‍ॅलर्जीत दोन-चार चावेही पुरतात. पावसाळा सरता सरता दरवर्षी त्रास वाढत असेल तर परागकणांकडे बघा. बारा महिने सारखाच असेल तर खाण्याकडे.

खाण्याची अ‍ॅलर्जी रक्त तपासून भरवशाने कळत नाही. पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस आणि एकच धान्य, किंवा डॉक्टरने दिलेलं खास खाद्य, किमान आठ आठवडे. मध्ये बिस्कीट नाही, हाडूक नाही, शेजारच्या काकूंची भाकरी नाही. आपल्या घरांत हेच सगळ्यांत अवघड जातं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला आणि गल्लीतल्या पोरांनाही सांगून ठेवा. खाज थांबली की जुनं खाणं परत देऊन बघायचं. पुन्हा सुरू झाली तर कारण पकडलं.

नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांच्या दिवसांत नुसती जळजळही कारण ठरू शकते. ओल्या लाल मिरचीवरून फिरून, तिथेच बसून आलेल्या कुत्र्याचं बूड आणि पंजे साबण लावून कोमट पाण्याने धुवा. केस कापल्यावर मशीनने खरचटलं असेल, फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवर बसलं असेल, तरी दोन दिवस घासतं. ते आपोआप निवळतं.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

गुदद्वाराच्या बाजूला लाल-जांभळी सूज, किंवा फुटून रक्त-पू वाहतोय: ग्लँडला गळू झालं आहे, त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसून दुसऱ्या दिवशी अळ्या पडतात. त्यावर फिनाइल, रॉकेल, टर्पेंटाइन ओतू नका. कातडी जळते आणि चाटलं तर विषबाधा होते. आणेपर्यंत स्वच्छ कापडाने झाकून ठेवा आणि चाटू देऊ नका.

वय झालेल्या कुत्र्यात एका बाजूला टणक गाठ, त्यासोबत पाणी फार पिणं आणि लघवी वाढणं: ग्लँडचा कर्करोग असू शकतो, त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढतं. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नरात तिथे साध्या गाठीही होतात, त्या नसबंदीनंतर बहुधा आक्रसतात. पण कोणती कुठली ते तपासणीशिवाय कळत नाही. शी करताना कुंथणं आणि बाजूला मऊ फुगवटा असेल तर हर्निया.

नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोन महिन्यांत मागून सारखी चाटत असेल, पाणी जास्त पीत असेल, सुस्त असेल तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. स्राव बाहेर दिसलाच पाहिजे असं नाही.

आणि मांजर. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, मागे चाटतोय, ओरडतोय, तर लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. लघवी अडलेली असू शकते. दिवस-दोन दिवसांत बोका जातो. लघवीचा थेंब दिसत नसेल तर रात्र असली तरी निघा.

सगळं करूनही परत येत असेल तर

दवाखान्यात येताना शीचा मोबाइलवर काढलेला फोटो, दिलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि पूर्ण जेवण लिहून आणा, चहात बुडवलेल्या बिस्किटासकट. तारखा लिहा: ग्लँड कधी रिकामी केली, गोळी कधी दिली, घासणं कधी परत सुरू झालं. गोळीनंतर साधारण तीन आठवड्यांनी दाणे परत आले तर पिसवा गेल्या नाहीत. ग्लँड रिकामी करूनही काही दिवस घासणं चालूच राहिलं तर ग्लँड हे बहुधा मूळ कारण नव्हतं, अ‍ॅलर्जीकडे वळायचं. ग्लँड भरण्यातलं अंतर जेवण बदलल्यावर वाढत असेल तर तसंच चालू ठेवा.

जेवण, वजन, अ‍ॅलर्जी हे सगळं सांभाळूनही वारंवार गळू होत असेल, तर दोन्ही ग्लँड शस्त्रक्रियेने काढता येतात. सूज पूर्ण उतरल्यावरच ती करायची. शी रोखून धरणारा स्नायू अगदी लागून असतो, त्याला धक्का लागला तर कुत्र्याचा शीवरचा ताबा जातो, म्हणून हात बसलेला सर्जनच हवा. आपल्या भागातून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था भुसावळहून रेल्वेने सोयीची पडते, किंवा मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. जाताना आधीचे सगळे कागद सोबत न्या आणि काढलेल्या ग्लँड तपासणीला पाठवायला सांगा.